राजाची खोली आणि शेवटची शिवण

आमच्या सक्करदऱ्यातल्या बायकांचे किस्से रिकाम्या डब्यांसारखे आहेत. टाकवत नाहीत, आणि माळा भरतच जातो! हे गेल्या गणपतीतले.

*

मंडळात देखावा पुरुषांनी करायचा, प्रसाद बायकांनी, असा रिवाज. नलूताई मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "यंदा देखावा आमचा. पिरॅमिड! आतून फिरता येईल असा."

अध्यक्ष रमेशभाऊ हसले. "करा. पण फसला, तं पुन्हा देखाव्याचं नाव काढायचं नाही!"

*

नलूताई ब्लाउज शिवतात. नकाशाही त्यांनी ब्राउन पेपरवर खडूने आखला. बांबूचा सांगाडा, वर पोत्याचं कापड. आतलं उंच दालन खोक्यांचं. खऱ्या पिरॅमिडसारखा प्रत्येक थर खालच्यापेक्षा दोन बोटं आत.

"पडन हे!" रमेशभाऊ म्हणाले.

नलूताई स्वतःच त्या खोक्यांना टेकून उभ्या राहिल्या. "फिटिंग आहे भाऊ. वर जाता जाता कमीच करा लागते."

*

खऱ्या पिरॅमिडमध्ये राणीची खोली म्हणतात तिथे राणीला कधी ठेवलंच नव्हतं, हे ऐकून प्रसाद करणाऱ्या सुषमाकाकू भडकल्या. "नाव राणीचं अन् राणीच नाही? आपल्या घरासारखंच झालं हे! प्रसाद तिथंच ठेवा."

"अन् राजाच्या समाधीत बाप्पा बसवता काहून वं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"राजाची शवपेटीही रिकामीच सापडली, काकू," नलूताई म्हणाल्या. " जागा बाप्पासाठीच ठेवली असन!"

*

खऱ्या पिरॅमिडमधला चढता बोळ जेमतेम चार फूट उंच, म्हणून आमचाही तेवढाच. रमेशभाऊ तडकले. "मी नाही कोणासमोर वाकत!"

*

स्थापनेच्या सकाळी ढोल वाजवत मूर्ती आली. बोळ तीन फूट रुंद, मूर्ती चार फूट रुंद! ढोल थांबले.

रमेशभाऊ खूश. "तोडा आता!"

"तिथंही राजाची दगडी पेटी बोळापेक्षा रुंदच आहे, भाऊ," नलूताई म्हणाल्या. "आधी पेटी ठेवली, मग बाकीचं बांधलं. मी शेवटची शिवण नेहमी कच्चीच ठेवते."

त्यांनी राजाच्या खोलीच्या मागच्या कापडी भिंतीचा एक दोरा ओढला. सर्रकन कापड उघडलं! रमेशभाऊ आणि तिघांनी मूर्ती उचलून थेट राजाच्या खोलीत नेली. बाकीचे तिघं त्याच वाटेने लगेच बाहेर आले. रमेशभाऊ हार नीट करत राहिले, आणि इकडे नलूताईंनी दाभणाने भिंत पक्की शिवून टाकली.

आता बाहेर यायला एकच वाट.

आम्ही सगळ्या बोळाच्या तोंडाशी उभ्या. आधी टक्कल दिसलं. मग कमरेत वाकलेले रमेशभाऊ. सरळ व्हायच्या आधीच त्यांनी मान वर करून विचारलं,

"ताई, पुढच्या वर्षी काय बनवून राहिल्या तुम्ही?"