भाईदासनानांचं नाक

देवपुरातली एकही गोष्ट भाईदासनानांच्या पसंतीला उतरलेली नव्हती, आणि टीव्हीवरची तर मुळीच नाही. तरी रोज संध्याकाळी लोखंडी खुर्ची ओढून ते टीव्हीसमोर बसत आणि जेवणाचं ताटही तिथेच मांडीवर घेत. अख्ख्या कॉलनीत त्यांच्याइतका टीव्ही कोणी पाहत नव्हतं आणि त्यांच्याइतक्या शिव्याही त्याला कोणी घालत नव्हतं. एखाद्याने विचारलंच, की नाना, एवढं वाईट आहे तर पाहता कशाला, तर म्हणत, "मग वाईट आहे हे कळायचं कसं?"

नाना शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट शिकवली: वायू हुंगायचा तो नळीला नाक लावून नाही. नळी लांब धरायची, हाताने हलका वारा नाकाकडे घ्यायचा, मान मागे न्यायची आणि मग ठरवायचं. नोकरी संपली तरी ही सवय अंगातून गेली नाही. कुठलीही मालिका सुरू झाली की नाना मान मागे घेत, तळहाताने दोनदा वारा ओढत, नाकपुड्या आक्रसत आणि निकाल देत, "सडकं!"

श्रीमंतांच्या घरातली मालिका लागली की म्हणत, "बायका झोपेतून उठल्या त्या लिपस्टिक लावूनच. ह्यांच्याकडे दात घासायची रीत दिसत नाही." कोणी जिन्यावरून पडून स्मृती गमावून बसला की म्हणत, "आमच्या शाळेच्या जिन्यावरून आठवड्याला एक पोरगं पडतं. एकाची स्मृती गेली नाही. पाढे गेलेले असतात, पण ते आधीच." देवादिकांच्या मालिकेत दोन बाण एकमेकांकडे निघाले, की ते पाणी भरायला उठत, परत येईपर्यंत बाणांची गाठ पडलेली नसे. शेतीच्या कार्यक्रमात टाय लावलेला माणूस केळीवर बोलू लागला, की नानांचा तिळपापड होई. "ह्याने केळीचं पान पाहिलं असेल ते जेवायला बसल्यावर!"

टीव्ही बंद असला की हेच नाक गावाकडे वळे. पांझरा नदीत पाणी कमी आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त. नळ चौथ्या दिवशी येणार, तोही आधी पाच मिनिटं नुसता घसा खाकरणार. गटारीत डुकरं, गटारीच्या काठावर भजीवाला, आणि भजीवाल्यापुढे शिकली-सवरलेली माणसं. सवरलेली कसली, नाना म्हणत, नुसती शिकलेली. चौऱ्याण्णव साली पुना नावाच्या पोराने कॉलनीभर केबलच्या वायरी टाकल्या, तेव्हा त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं. "बाहेर एक गटार आहे. दुसरी घरात घेऊ?"

हे सगळं ऐकायला घरात एकच माणूस होतं, त्यांची बायको मंदाबाई. मुलगी जळगावला पिंप्राळ्यात दिलेली, वर्षातून दोनदा यायची. मंदाबाई मागे खाटेवर बसून तांदूळ निवडायच्या आणि टीव्ही पाहायच्या. पूर्वी त्या हसायच्या. एखाद्या विनोदी कार्यक्रमात कोणी धडपडलं की त्यांच्या तोंडून फस्सकन हसू निघे. मग नाना खुर्चीसकट मागे वळत. "यात हसण्यासारखं काय आहे? सांग बरं?" मंदाबाईंना सांगता येत नसे. हसण्याचं कारण कोणाला सांगता येतं? एकदा झालं, दहादा झालं. पुढे त्या तांदळाचं सूप घेऊन स्वयंपाकघरात बसू लागल्या. नानांना वाटलं, हिला टीव्हीची गोडी राहिली नाही. बरंच झालं, त्यांना वाटलं, निदान एकाची तरी अभिरुची सुधारली.

आणि आता त्या खाटेवरही नव्हत्या आणि स्वयंपाकघरातही नव्हत्या. शेजारच्या तोताराम अण्णांच्या मुलीचं लग्न झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाबाईंनी पिशवी भरली. "चार दिन सोनगीरले जाई येस," म्हणाल्या आणि भावाकडे गेल्या. त्या चार दिवसांचे बावीस झाले होते. नानांनी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तीनदा निरोप धाडला. तिन्ही वेळा उत्तर आलं, येईल. कधी, ते नाही. भांडण झालेलं नव्हतं, शब्दाला शब्द लागलेला नव्हता. बायको रुसली असती तर नानांना कळलं असतं. पण ही रुसलेली नव्हती. ही नुसतीच येत नव्हती. नाना रोज खिचडी करत, ती बुडाला लागे, आणि वारा ओढून हुंगायचीही गरज न पडता सडकी ठरे. ती परत येईल की नाही, हा प्रश्न त्यांनी अजून मनातसुद्धा नीट उच्चारला नव्हता. पण संध्याकाळी खुर्ची ओढली की तो आधी येऊन बसलेला असे. शेरा मारला की मागे बांगड्यांचा आवाज होत नसे, आणि मग शेऱ्यालाही चव उरत नसे.

तेविसाव्या दिवशी तोताराम अण्णा आमंत्रण घेऊन आले. "नाना, आज सहा वाजता आपली लग्नाची कॅसेट केबलवर शे. सारी कॉलनी येई ऱ्हायनी. तुम्ही तं पाह्यजेच."

त्या काळी हे एक नवंच खूळ निघालं होतं. लग्न झालं, की व्हिडिओवाला तीन-चार आठवड्यांनी कॅसेट देई, आणि केबलवाला ती आपल्या मशीनवर लावून सगळ्या कॉलनीला दाखवी. ज्यांनी लग्नात वरण-बट्टी खाल्ली, तेच लोक घरात बसून स्वतःला पुन्हा वरण-बट्टी खाताना पाहत. नानांना ह्या प्रकाराची शिसारी होती. म्हणूनच ते पावणेसहालाच अण्णांच्या घरी जाऊन सगळ्यांच्या पुढे बसले.

कॅसेट त्यांच्या अपेक्षेहून भिकार निघाली. व्हिडिओवाल्याने खरे आवाज सगळे पुसून वर गाणी चढवली होती. नवरीचं तोंड आधी कमळात आलं, मग बदामात, मग चार तोंडं होऊन चार कोपऱ्यांत पळाली. "हिला कापली काय?" नाना म्हणाले, आणि खोलीतले लोक हसले. बँडवाले आले. "ह्यांच्या टोप्या पाहा, डोक्यावर नाहीत, कानांवर टेकल्या आहेत." पंगत आली. "कॅमेरा तोंडात घालतो का काय हा! दाढेतली बट्टी दिसते आहे." नाना रंगात आले होते. बावीस दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या शेऱ्यांना माणसं मिळाली होती.

मग मांडवामागचं निंबाचं झाड आलं. सात-आठ बायका जेवून उठून तिथे घोळक्याने बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी होती. हिरवं लुगडं, खोचलेला पदर. तिने एक खुर्ची पुढे ओढली, पण ओढायच्या आधी तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं. मग बसली ती ऐटीत, गुडघे फाकवून. मान सावकाश मागे नेली. समोर काहीतरी घाण असावी तसा तळहाताने वारा ओढला, एकदा, दोनदा. मग झटक्याने मागे वळून कोणाला तरी जाब विचारल्यासारखं बोट नाचवलं. घोळक्यातल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. एकीला ठसका लागला, दुसरी तिच्या पाठीत धपाटे घालत स्वतःच वाकली होती.

"अरे, थांबा थांबा!" नाना खुर्चीच्या टोकाला आले. "ही पाहा. ही बाई पाहा! कोणा माणसाचं सोंग करते आहे. गाण्यात काही ऐकू येत नाही, तरी तो माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला की नाही? खुर्ची कशी ओढली! मान पाहा! असला एखादा खडूस, घराला जीव नकोसा करणारा माणूस तिने जवळून पाहिलेला असणार. याला म्हणतात अभिनय. तुमच्या त्या मालिकांतल्या बाहुल्यांना हिच्याकडे शिकायला पाठवा!"

नानांनी कोणाची स्तुती केली, हे कॉलनीने पहिल्यांदाच ऐकलं. पण तोताराम अण्णा पंख्याकडे पाहत होते. त्यांची बायको चहाचं निमित्त करून आत गेली.

पडद्यावरच्या बाईने तोंड वळवलं. ती मंदाबाई होती.

तोंड लाल झालेलं, डोळे चमकणारे, कपाळावर केस आलेले. नानांनी संसाराच्या एकतीस वर्षांत हा चेहरा पाहिला नव्हता. ओळखायला त्यांना दोन क्षण लागले. तेवढ्यात पडद्याच्या कडेने एक माणूस आत शिरला. मांडवामागच्या गटारीचा वास आला असावा. त्याने मान मागे नेली, तळहाताने दोनदा वारा ओढला आणि नाक आक्रसलं. घोळका जागच्या जागी विझला. बायकांनी पदर सावरले, एकीने उगाच पोराला जवळ घेतलं. मंदाबाई खुर्चीवरून उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि त्यांचा चेहरा मिटला. दुकानाची फळी लावतात तसा मिटला. त्या माणसाचं तोंड हललं. गाणं चालू होतं, पण आपण काय म्हणालो ते नानांना ऐकू आलं, "चाल, मालिका सुरू व्हई जाई."

ते उठले आणि चपला घालून घरी आले.

आधी राग आला. मग किळस आली, पुनाची, व्हिडिओवाल्याची, त्या फिदीफिदी हसणाऱ्या बायकांची, तोतारामाच्या पंख्याची. पुनाने लोकांच्या आग्रहावरून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॅसेट पुन्हा लावली, तेव्हा खिडक्या बंद करून बसलेल्या नानांना सगळ्या कॉलनीचं हसणं एकाच क्षणी ऐकू आलं. न पाहताही कुठला भाग चालू आहे ते कळलं. जाब विचारायचाच, असं ठरवून त्यांनी रविवारी सोनगीरवरून जाणारी शिरपूरची एसटी धरली. वाटेत गाडीच्या खिळखिळ्या खिडक्यांनाही नावं ठेवायचं ते विसरले. सगळा वेळ ते वाक्यं जुळवत होते. तू नवऱ्याचा तमाशा केला. चारचौघांत केला. माझ्या मागे हे चालतं?

सोनगीरला त्यांचा मेव्हणा वना तांब्या-पितळेची भांडी घडवायचा. रविवार असूनही गल्लीत कुठेतरी ठोके पडत होते. नाना वनाच्या दाराशी आले आणि चपला काढता काढता थांबले. आतून त्यांना स्वतःचाच आवाज आला.

"यात हसण्यासारखं काय आहे? सांग बरं?"

तोच वर चढलेला सूर, "सांग" वरचा तोच दाब, आणि पुढे नाकातून सोडलेला तो श्वास. आत बायका खदखदल्या. वनाची बायको कमलबाई म्हणत होत्या, "अवं माय, पोट दुखी ऱ्हायनं मनं, बस कर!" पण मंदाबाई बस करेनात. त्यांनी केळीवाला तज्ज्ञ केला, बाणांच्या वेळी पाणी भरायला उठणं केलं, नळाला शिव्या देणं केलं. नाना एक चप्पल पायात, एक हातात, असे उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी त्यात खोट शोधली, सवयीने शोधली. एकही शब्द चुकलेला नव्हता. आपण इतके कंटाळवाणे, इतके वाईट माणूस आहोत हे कोणी शिवी देऊन सांगितलं असतं तर त्यांनी ते परतवलं असतं. पण हे कसं परतवणार? हे तर हुबेहूब होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचा वास आला.

हातातली चप्पल खाली पडली. आतला आवाज तिथल्या तिथे तुटला.

नाना आत गेले. कमलबाईंनी पाणी आणलं, शेजारच्या दोघी भिंतीला धरून बाहेर निसटल्या. मंदाबाई पदर घेऊन चुलीच्या बाजूला बसल्या होत्या, जमिनीकडे पाहत. नानांनी पाणी प्यायलं. एसटीत जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"कर ना," ते म्हणाले. आवाज त्यांनाच परका वाटला. "आखो एक डाव कर. मी बी देखस."

मंदाबाईंनी मान वर केली. नवरा चेष्टा करतो आहे की काय, हे त्यांनी नीट पाहून घेतलं. चेष्टा नव्हती. त्यांनी हात उचलला, तळहात थोडा वळवलासुद्धा, पण तो तसाच मांडीवर परत आला.

"तुम्ही पुढे बसनात की," त्या म्हणाल्या, "माले काहीच येत नही."

त्यात राग नव्हता. चहात साखर कमी आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"घर कव्हय येशी?" नानांनी विचारलं.

"आखो थोडा दिन ऱ्हाऊ द्या माले आठे. बरं वाटस."

किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि नानांनीही विचारलं नाही. चहा घेतला आणि चहाला नाव न ठेवता ते उठले. कमलबाई जेवून जा म्हणाल्या, ते नको म्हणाले. गल्लीचा कोपरा यायच्या आतच मागे बायकांचं हसू पुन्हा फुटलं, आधी दबून, मग मोकळं. नाना थांबून ऐकत राहिले. या वेळी मंदाबाईही हसत होत्या, एवढं नक्की; पण त्या चार-पाच जणींच्या हसण्यात आपल्या बायकोचं हसणं कोणतं, हे त्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.