गाव रानात गेलं तेव्हाचा बब्रुवान

निजामाच्या अमदानीत उमरग्याच्या आसपास दवंडी देणारे पुष्कळ होते, पण बब्रुवानच्या आवाजाला तोड नव्हती. हलगीवर थाप मारून तो चावडीपुढं उभा राहिला, की त्याचं बोलणं ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जाई. सरकारात घालायची लेव्हीची ज्वारी, बाजाराचा बदललेला वार, कुणाची हरवलेली म्हैस, सगळं गावाला त्याच्याच तोंडून कळायचं. पुढं गावात लाऊडस्पीकर आला, तरी जुनी माणसं म्हणत, तसा गळा पुन्हा झाला नाही.

तो वेशीबाहेरच्या वस्तीत राहायचा. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कडूबाईनं, मल्लिनाथ पाळकांच्या हातून बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशीत होता. एका रविवारी पाळक म्हणाले, की देवानं प्रत्येकाला कशासाठी तरी घडवलेलं असतं आणि ते ज्याचं त्यानं ओळखायचं असतं. बब्रुवानला वाटलं, यात ओळखायचं काय? एवढा आवाज देवानं उगीच दिला असेल? आपण सुवार्ता सांगायची.

पुढच्याच बाजाराला तो चावडीपुढं उभा राहिला आणि सवयीनं ओरडला, "ऐका हो ऐका!" बाया डोईवरच्या पाट्या उतरवून धावल्या, दुकानातली माणसं बाहेर आली. तो येशूबद्दल बोलू लागला, तर एका म्हाताऱ्यानं विचारलं, की ते असू दे, लेव्ही किती वाढली ते सांग. लोक हसले आणि पांगले. आणखी दोन-तीन गावांत त्यानं करून पाहिलं, तिथंही हीच गत. शेवटी घरी येऊन तो कडूबाईला म्हणाला, की देवानं आपल्याला बोलावलंच नसेल. तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली.

त्या हिवाळ्यात घराघरांत उंदीर मरून पडू लागले. पिलेग आला. गाव सोडायची दवंडी बब्रुवाननंच दिली आणि जो तो आपापल्या रानात झोपडी घालून राहिला.

शिवलिंगप्पा हा गावातला वाणी. बायको-लेकरांना मळ्यात सोडून तो आईला न्यायला गाडी घेऊन परतला, तर पार्वतम्माच्या काखेत गाठ उठलेली. तिला लेकरांपाशी न्यायची त्याची छाती होईना. तिच्या उशाशी भाकरी आणि तांब्या ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी बब्रुवानच्या झोपडीपुढं येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचे डोळे सुजले होते.

"तुझा आवाज मोठा हाय," तो म्हणाला. "रस्त्यावरनंच हाक मार. आई ओ देती का, तेवढं बघ."

बब्रुवान रिकाम्या गावात शिरला. शिवलिंगप्पाच्या दारापुढून त्यानं हाक मारली, ती साऱ्या गावात घुमली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. मग त्याच्या ध्यानात आलं, की म्हातारी ओ देत असली, तरी तिचा आवाज रस्त्यापर्यंत पोचणार नाही. ऐकायचं तर आत जायला हवं. त्या घराचा उंबरा त्याच्या घराण्यात कुणी ओलांडला नव्हता, आणि वर पिलेगची भीती. कडूबाई डोळ्यांपुढं आली. तो प्रभूचं नाव घेऊन आत गेला.

पार्वतम्मा घोंगडीवर पडली होती.

"अव्वा, म्या बब्रुवान," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला.

"हळू बोल, बाबा. पानी दे."

तो घुटमळला. माझ्या हातचं चालेल का, असं त्यानं विचारलं.

"तहान मला लागली हाय," ती म्हणाली. "दे."

तो तिथंच राहिला. कडूबाई वेशीपाशी भाकरी ठेवून जाई. लिंबाचा पाला उकळून तो गाठ शेकायचा. पाळकांकडून ऐकलेलं सगळं त्यानं सांगायला म्हणून मनात जुळवून ठेवलं होतं, पण बोलायचं होतं ते पार्वतम्मालाच. अर्धं कानडी, अर्धं मराठी. माहेरचं तळं, भाऊ बसप्पा, वरातीत उधळलेला बैल. तेच ते ती पुन्हा सांगायची आणि तो हूं हूं करत ऐकायचा. तिचा डोळा लागला की ओठातल्या ओठात प्रार्थना करायचा. एकदा ती जागीच होती.

"काय पुटपुटतोस?"

"तुमचं नाव घेतोय, येशूपुढं."

तिनं आढ्याकडं बघितलं. "घे," म्हणाली. "माझा महादेव बी ऐकत आसंल."

गाठ फुटली, ताप उतरला. होळीच्या सुमाराला गाव परतलं, तेव्हा पार्वतम्मा ओट्यावर बसली होती. त्याच्या हातच्या पाण्यावरून कुजबुज झाली, तर तिनं स्वतःच सांगून टाकलं, की व्हय, पिले. शिवलिंगप्पा मात्र पुढं कितीतरी दिवस बब्रुवानकडं सरळ बघत नसे.

बब्रुवान पाळकांकडं गेला. "तितनं निघताना माझा पाय निघंना," तो म्हणाला. "चावडीपुढं आसं कवाच झालं न्हाय. माझं काम ह्येच आसंल काय?" पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघांनी प्रार्थना केली.

दवंडी त्यानं सोडली नाही, पोट तिच्यावरच होतं. निजामाचं राज्य गेल्याची दवंडीही त्यानंच दिली. पण कुणी अंथरुणाला खिळलं, कुणाची शेवटची घटका आली, की बब्रुवानला बोलावणं जाई. सगळ्यांनी आत घेतलं असं नाही. काही घरांत त्याला ओसरीवर बसवत. तो तिथं बसे आणि आतून येईल तेवढं ऐके.

म्हातारपणी लोक त्याला निजामाच्या काळाबद्दल विचारत. त्यांना रझाकारांच्या गोष्टी हव्या असत आणि तो थोड्याफार सांगेही. पण बोलता बोलता त्या हिवाळ्यावर येऊन थांबे. पार्वतम्माला पहिल्यांदा ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या, तेव्हा मीठ फार पडलं होतं, तरी तिनं वाडगं पुसून खाल्लं, हे सांगताना त्याला अजून हसू येई.

"त्या दिसांत देव लई जवळ व्हता," तो म्हणायचा.