आईच्या झंपरातला ओल्डमॅन

आई गेल्यावर तिचं सामान लावायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यात अशी कामं माझ्याकडेच येतात. मी शाळेच्या ऑफिसात आहे. कागद लावणं, याद्या करणं, वेळेत उरकणं हा माझा स्वभाव. बेळगावातल्या वडगावच्या घरात मी तीन ढीग घातले: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. जेवणाच्या आत सगळं संपलं असतं. पण पूर्वी यंत्रमाग होता ती मागची खोली उघडली, तर कोपऱ्यात पिंजर, म्हणजे भाताचा पेंढा, भरलेली एक बाई बसलेली. अंगात आईचं निळं झंपर, त्यावर आईचीच इरकली साडी. ही कुठल्या ढिगात जाते ते मला कळेना.

बेळगावात वर्ष सरताना पोरं ओल्डमॅन करतात. जुना शर्ट, जुनी पँट, आत भाताचं पिंजर, वर टोपी. सरलेलं वर्ष म्हणून त्याला एकतीस डिसेंबरला जाळायचं. आमच्या गल्लीतला ओल्डमॅन आई करायची. त्याला मिशा असायच्या, ढेरी असायची, एकदा तर चष्माही होता. पण बाई तिनं कधी केली नव्हती.

"आजी म्हणालती, यंदा म्हातारी करूया," माझी धाकटी लेक म्हणाली.

"का म्हणून विचारलं न्हाईस?"

"विचारलं की. नुसती हसली."

हे दिवाळीच्या आधीचं. दिवाळी झाली आणि आई अचानक गेली. आजारी नव्हती. आदल्या आठवड्यात तिनं माझ्याकडून नवी चाळण मागवून घेतली होती. जाणाऱ्या माणसाला चाळण कशाला लागते?

लग्न होऊन आल्यापासून आई अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, मागाला सुताच्या कांड्या भरून द्यायची. यंत्रमाग चालू असला की शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या घरात निम्मं बोलणं हातांनी आणि तोंडावरच्या भावांनी व्हायचं. तार तुटली, चहा झाला, पाहुणे आलेत, बाहेर जाऊन खेळ, सगळं लांबूनच. पुढं माग विकला, घर शांत झालं, पण आईचे हात काही थांबले नाहीत. नातवंडांना ती गोष्ट सांगायची म्हणजे करून दाखवायची. निपाणीच्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून भांडणारा कंडक्टर, ताण्याचं सूत खाऊन वर ढेकर देणारी शेळी, गल्लीतली एक सासू. शब्द एक नाही, आणि पोरं हसून लोळायची. मी बऱ्याचदा दारात पिशवी घेऊन उभी असायची, घाईत. कुठली गोष्ट पूर्ण बघितल्याचं आठवत नाही.

तिचा मोठा खेळ वर्षाच्या शेवटी. ओल्डमॅनला खुर्चीत बसवायचं, आपण मागं लपायचं आणि त्याच्या बाह्यांत स्वतःचे हात घालायचे. मग ओल्डमॅन नाक खाजवायचा, पोरांना जवळ बोलवायचा, आशीर्वाद द्यायचा, आणि वर्षभर ज्यानं जास्त दंगा केला त्याचा कान पिरगाळायचा. सगळ्यांचा निरोप घेऊन झाला की दिवेलागणीलाच काडी लावायची. बारापर्यंत कोण जागतंय, असं तिचं म्हणणं.

धाकटा भाऊ निपाणीहून आला. तिथं तो तंबाखूच्या वखारीत हिशेब बघतो. त्यानं कोपऱ्यात बघितलं आणि पायातली चप्पल न काढता उभाच राहिला.

"आक्का, ही जाळायची न्हाय."

"पोरांसाठी केलीय रं तिनं."

"एकदा जाळलंय न्हवं आईला. परत जाळायची?"

"ती आई न्हाय. पिंजर हाय."

"मग साडी कुणाची?"

धाकटी आमच्या दोघांच्या मधे येऊन म्हणाली, "मामा, न्हाय जाळली तर जुनं वर्ष जाणार कसं?"

मला दोघांचंही पटत होतं, आणि असं माझं होत नाही. मी एक मधला मार्ग काढला: आईचे कपडे काढून ठेवायचे, अण्णांचा जुना शर्ट चढवायचा, मग जाळायला कुणाची हरकत नाही. साडी सहज सुटली. झंपर निघेना. ते आतल्या पोत्याला दुहेरी टाक्यानं शिवलेलं होतं.

"बघ," भाऊ म्हणाला, "काढू नये म्हणून शिवलंय. तिला ठेवायची होती."

मला वाटलं, काढू नये म्हणजे त्याच्यासकट जाळायचं होतं. नाहीतर नुसतं सरकू नये म्हणून शिवलं असेल. दरवर्षी ती शिवायची की टाचण्या लावायची? भाऊ म्हणाला टाचण्या, मी म्हटलं शिवायची. इतकी वर्षं समोर होत होतं आणि दोघांपैकी एकालाही खात्रीनं सांगता येईना. मी साडी परत नेसवली. निऱ्या नीट आल्या नाहीत.

एकतीस तारखेला दिवेलागणीला गल्लीतली पोरं न बोलावता अंगणात जमली. म्हातारीला खुर्चीत बसवलं. भाऊ भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभा. जाळायचं ठरलेलं नव्हतं, न जाळायचंही नव्हतं.

"मम्मी, मागं बस. हात घाल," धाकटी म्हणाली.

"मला येत न्हाय गं ते."

"हात तर घाल."

मी मागं बसले आणि निळ्या बाह्यांत हात घातले. पिंजर टोचत होतं. समोरचं काही दिसत नव्हतं. आधी बोटं नुसतीच लोंबत राहिली. मग नाक खाजवलं. पोरं हसली. मग एकेकाला जवळ बोलवलं, डोक्यावरून हात फिरवला, एकाची टोपी काढून दुसऱ्याला घातली. हे मी कुठं बघितलं होतं, की तिथल्या तिथं सुचत होतं, कोण जाणे. शेवटी उजवा हात भिंतीच्या दिशेनं गेला आणि बोट वाकवून बोलवू लागला. बराच वेळ कुणी आलं नाही. मग बोटांना एक मोठा, थंड कान लागला. तो मी पिरगाळला. चांगला पिरगाळला.

पोरं ओरडली. भाऊ हसला की रडला ते मला मागून कळलं नाही.

"बास आता, आक्का," तो म्हणाला. "हात काढ." मी हात काढले. म्हातारीला खुर्चीतून उतरवून काडी त्यानंच लावली.

पिंजर लगेच पेटलं, झंपर सावकाश. पोरं नाचून नाचून दमली आणि आपापल्या घरी गेली.

"ते कान पिरगाळायचं तू ठरवून केलीस?" भावानं विचारलं.

"न्हाय."

"मग?"

मी पाण्याची बादली भरून आणली होती. ती आमच्या दोघांच्या मधे तशीच राहिली. पाणी कुणी ओतायचं ते ठरेना, म्हणून राख आपोआप गार होईपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो.