बाबांची डावी बाजू

पनवेलच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला मेंदूचं प्रकरण असतं. फळ्यावर दोन गोलार्ध काढून मी सांगते, की उजव्या बाजूचा एक भाग दुखावला तर कधीकधी माणसाला जगाची डावी बाजूच जाणवेनाशी होते. डोळे धड असतात, लक्ष तिकडे जात नाही. अर्धीच दाढी करणाऱ्या रुग्णाचं उदाहरण दिलं की वर्गात हशा पिकतो. मीही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी नेऱ्याला, आमच्या गावी, अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना बाबा खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. शेजाऱ्यांनी गाडीत घालून पनवेलला आणलं. खांदा कॉलनीतल्या माझ्या घरून मी पोचले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकलीय, जीव वाचलाय, डावा हात आणि पाय मात्र लुळे पडलेत. बाबांनी मला ओळखलं. भाताच्या खाचरात पाणी कोण सोडणार, तेही विचारलं. मला वाटलं, थोडक्यात निभावलं.

चौथ्या दिवशी आईनं घरून जेवण आणलं. बाबांनी भात संपवला आणि आणखी मागितला. ताटाच्या डाव्या अर्ध्यात भाकरी आणि वालाची भाजी तशीच होती. आईला वाटलं, तोंडाची चव गेली. मी ताट फिरवून ठेवलं. बाबा भाकरी खाऊ लागले आणि म्हणाले, आधी का नाही वाढली? समोर काय घडतंय त्याचं नाव मला ठाऊक होतं आणि त्या नावाचा मला काडीचा उपयोग नव्हता.

नेऱ्याला घरी आणल्यावर त्यांची खाट उजवीकडून भिंतीला लागून होती. येणारा प्रत्येक जण डावीकडून यायचा. आई तिकडेच स्टूल टाकून बसायची, त्यांचा पाय चोळायची. बाबा पायथ्याशी उभ्या असलेल्या मला विचारायचे, "तुजी आय कुटं गेली?"

ती उत्तर द्यायची, तर ते भिंतीकडे बघून बोलायचे.

बाबा अंगणात पडले त्या दिवशी सकाळी दोघांचं काहीतरी वाजलं होतं. ते अजून रागावलेत, असं आईनं धरलं होतं. मी तिला ओट्यापाशी नेऊन समजावलं. मेंदू, गोलार्ध, लक्ष, सगळं. आजवर इतकं सोपं करून मी कुणालाच शिकवलं नसेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पन मी तितंच बसलेली हाय ना?" ती म्हणाली.

खाट फिरवू, तू उजवीकडे बस, असं मी सुचवलं. पण व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी उलटंच सांगितलं. डावीकडेच बसा, हाका मारत राहा, त्यांना मान वळवायला लावा. म्हणजे जिथं आई त्यांच्या लेखी नव्हती, तिथंच तिनं बसायचं. ती बसली. रोज हाका मारत राहिली.

मीही काहीतरी करावं म्हणून एक वही सुरू केली. दर रविवारी कागदभर आडव्यातिडव्या रेषा काढून बाबांना प्रत्येक रेषेवर फुली मारायला सांगायचे. ते उजवीकडच्या रेषांवर फुल्या मारून पेन ठेवायचे. झालं सगळं, म्हणायचे. मी तारीख घालून फुल्या मोजायचे. एकदा त्यांनी विचारलं, "परीक्षा घेतेस काय माजी?" मी नाही म्हटलं. दुसऱ्याच दिवशी वर्गात संशोधनाचे नियम शिकवायचे होते. ज्याच्यावर अभ्यास करायचा त्याला आधी सगळं सांगावं, त्याची संमती घ्यावी, तो नको म्हणाला तर थांबावं. हे सांगताना माझा आवाज बारीक झाला. एका मुलीनं विचारलं, मॅडम, बरं वाटत नाहीये का? त्यानंतर मी वही उघडली नाही. फुल्या तशाही वाढत नव्हत्या.

पुढे थोडा फरक पडला. आता बाबा काठी टेकत, एका माणसाच्या आधारानं पडवीपर्यंत जातात. आईनं ताटाची डावी कड वाजवली की मान वळवतात. वाजवली नाही, तर वळवत नाहीत.

गेल्या महिन्यात एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. आई नेहमीच्या जागी होती. बाबांचा उजवा हात गोधडीवर चाचपडत डाव्या हाताला लागला. त्यांनी तो लुळा हात उचलून धरला.

"ह्यो हात कुनाचा?"

असं झालं की लगेच सांगायचं, हा तुमचाच आहे, असं व्यायामाच्या बाईंनी बजावलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "माजा."

बाबांनी मान हलवली आणि तो हात कुरवाळू लागले. बराच वेळ. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि मीही तिला दुरुस्त केलं नाही.