बर्फाच्या खणातली बाटली

लाईट गेली की मी दूध उचलून फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या खणात ठेवते. घरची सवय. तीच मला लॅबमध्ये नडली.

जालन्यातल्या एका लॅबमध्ये कॅन्सरच्या गाठीच्या तुकड्यांना रंग द्यायचं काम माझ्याकडं आहे. बाटलीत अँटिबॉडी असते. गाठीत ठरावीक प्रथिन जास्त असलं तर ती त्याला चिकटते आणि काचेवर पेशींच्या कडा तपकिरी होतात. रंग आला तर त्यावरचं खास इंजेक्शन चालतं. न्हाई आला तर त्या इंजेक्शनाचा उपयोग न्हाई.

कुंभार पिंपळगावच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. आमचं दोघींचं कधी पटलं न्हाई. तरी त्या म्हणाल्या, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नको, तूच कर. मी केलं, रंग आला न्हाई, डॉक्टरांनी तसा रिपोर्ट दिला. वर्षभराच्या सुया टळल्या म्हणून जाऊबाईंनी गल्लीत साखर वाटली.

खरं तर ज्याला रंग येणारच असा एक जुना तुकडा दर खेपेला सोबत लावायचा असतो. तो संपल्ता, म्हणून आठवडाभर मी तसंच रेटलं. सोमवारी नवा आला. लावला, तर त्यालाही रंग न्हाई. माझी नजर लॅबच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या खणाकडं गेली. लाईट सारखी जाऊ राह्यली म्हणून बाटली मीच तिथं ठेवल्ती. ही गोठली की कामातून जाते, हे मला शिकवताना दहादा सांगितलेलं. अक्कल गहाण टाकल्ती, दुसरं काय.

डॉक्टरांना सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. नवी बाटली यायला चार दिवस लागले. जाऊबाईंना सांगायची हिंमत बिलकुल होईना.

बाटली आली, पहिली काच त्यांचीच लावली. गडद तपकिरी. इंजेक्शन लागू पडणार, म्हणजे चांगलंच झालं. पण आता सांगणं भाग होतं. जाऊबाईंना फोन लावला.

"बाई, पहिला रिपोर्ट चुकला. बाटली माझ्या हातनं खराब झाल्ती. सुया घ्याव्या लागतील."

शिव्या ऐकायची तयारी केल्ती. पण त्यांनी विचारलं, "त्या बाटलीवर अजून कुणाकुणाचं केलं?"

चौघांचं, म्हणाले मी, त्यांचे तुकडे उद्या नव्या बाटलीनं लावणारे.

"त्यांना सांगितलं?"

न्हाई म्हणाले.

"मंग माझ्याशी काय बोलत बसली? त्यांना फोन लाव जल्दी."

डॉक्टरांना विचारून रजिस्टर घेतलं. पहिला नंबर पिंपळगाव रेणुकाई गावच्या एका पेशंटचा होता. दोनदा चुकीचा दाबला, तिसऱ्यांदा लागला. मी लॅबचं नाव सांगितलं, तर पलीकडून एक पोरगी म्हणाली, "बोला ना मॅडम. तुमच्या रिपोर्टनं आई आठ दिवसांनी पोटभर जेवली."