अरबी समुद्राचे चौकोन

भाऊ बुडाल्याची तार आली तेव्हा मी मुंबईला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकत होते. आमच्यातल्या मोजक्या विद्यार्थ्यांना एका संशोधन संस्थेतला कॉम्प्युटर वापरायची परवानगी होती. 'संगणक' हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, आम्ही नुसतं 'मशीन' म्हणायचो. गणित एकेका पायरीने लिहायचं, कार्डांवर भोकं पाडून ते उतरवायचं आणि गठ्ठा खिडकीत द्यायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळे. बहुधा चुकीचं, कारण कुठेतरी स्वल्पविराम राहून गेलेला असे.

तार वाचली आणि हातातला गठ्ठा मी आधी खिडकीत दिला. मग सरांना सांगायला गेले.

वादळामुळे किनाऱ्याच्या बोटी बंद होत्या. म्हणून मुंबईहून कोल्हापूरला गेले, तिथून एसटीने फोंडाघाट उतरून कणकवलीला आणि मग देवगडजवळच्या आमच्या गावी, मिठबावला. वाटेत शेजारच्या बाईने शेंगदाणे दिले, ते मी सगळे खाल्ले. घरी अंगणात माणसं बसली होती. भावाचा मचवा मासेमारीला निघाला तेव्हा आभाळ साफ होतं, एवढंच सगळे परत परत सांगत होते. भाऊ सापडलाच नाही. वडील पडलेल्या माडांच्या झावळ्या ओढून बाजूला करत होते. लोक आले की आई रडे, गेले की चुलीपाशी गप्प बसे. मी तिच्याजवळ तांदूळ निवडत बसायचे. मला रडू येत नव्हतं.

एके दुपारी तिने विचारलं, "तुमचा ता मशीन काय करता गो?"

"हिशोब करता. माणसाक करूक वर्सां लागतीत असले."

"मगे वादळ येतला ता आदी सांगता?"

"नाय. अजून नाय."

"तेका कोणी शिकवक नाय?"



दिवसकार्य झाल्यावर चुलते वडलांना म्हणाले, "आता चेडवाक परत कित्याक धाडतास? बघा खंयतरी स्थळ." आतून आई म्हणाली, "ता मुंबैक जातला."

मुंबईला परत गेले तेव्हा सर म्हणाले, "रजा वाढवून घ्यायची होती."

"मला विषय बदलायचाय, सर."

माझा विषय गिरणीतल्या सुताच्या साठ्याचा होता. वादळ कुठे जाईल हे आधी काढता येतं का ते बघायचंय, म्हणून मी सांगितलं. सर म्हणाले, "समीकरणं आहेत. पण आपलं मशीन हळू आहे. उद्याच्या हवेचं उत्तर परवा मिळेल."

"चालेल."

अरबी समुद्राचा नकाशा घेऊन मी त्यावर चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात त्या वादळाच्या वेळचा हवेचा दाब, वाऱ्याची दिशा. देवगडसमोरचा चौकोन कुठला ते मला माहीत होतं. बाकीच्यांसारखाच त्यातही आकडा भरला आणि पुढे गेले. मशीनची खोली गार असायची, बोटं बधिर व्हायची. बाकीचंही काही जाणवत नव्हतं. मैत्रिणींना वाटे, मी फार धीराची आहे.

अखेर उत्तर आलं. कागद घेऊन मी सरांकडे गेले. "वादळ सोलापूरला गेलं, सर."

ते हसले नाहीत. "का गेलं, ते पायरीपायरीने शोधता येईल. नुसत्या अंदाजाने सांगणाऱ्याची चूक कुठे झाली, हे त्यालाही कळत नाही. आपण हे शिकतो ते यासाठी."

चूक सापडली. एका ठिकाणी वाऱ्याचं चिन्ह उलटं पडलं होतं. ते बदललं, तर वादळ समुद्रातच राहिलं, खऱ्या वाटेपासून बरंच लांब. तेवढ्यावर मी पास झाले आणि पुढे त्याच कामात राहिले. मशीनं बदलत गेली, उत्तरं लवकर येऊ लागली. आम्ही पुष्कळदा चुकलो, पण दर वेळी आधीपेक्षा थोडं कमी.

त्या वर्षी परीक्षा झाल्यावर मे महिन्यात घरी गेले होते. आई मागीलदारी बांगडे साफ करत होती. मीही विळी घेऊन बसले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "थंय मुंबैत तरी रडलंस काय गो?"

"नाय."

"माका पण आता रडू येणा नाय," ती म्हणाली आणि तिने पाण्याची कळशी माझ्याकडे सरकवली.