बंपरची नारळी पौर्णिमा

फाटकाच्या खांबाला गाडी मीच घासली, त्यात वादच नाही. पण त्यासाठी अख्खा पावसाळा घरात काढावा लागेल, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी खांबच पाडला असता.

लग्न होऊन मी उलव्याच्या पुढे, खाडीकाठच्या कोळीवाड्यात आले होते. माहेर खांदा कॉलनीत. जात तीच, पण वडील नोकरीवाले, त्यामुळे मासळी मला ताटातलीच माहीत. सासरी नवरा बंदरात शिफ्टवर जाई, सासू टोपली घेऊन बाजारात जाई, आणि मी दाराशी उभी राहून डंपर बघे. विमानतळाच्या भरावाचे डंपर दिवसभर जात, धूळ भातापर्यंत येई, म्हणून खिडक्या बंद. मला त्या घरात श्वास पुरत नसे.

अशात खांदा कॉलनीतल्या एका शाळेने मला चौथीचा वर्ग देऊ केला. जूनमध्ये शाळा सुरू झाली की रुजू व्हायचं. सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त अट घातली. घरची सून नाक्यावर डंपरवाल्यांत टमटमची वाट बघत उभी राहणार नाही. गाडी चालवता येत असेल तर खुशाल जा. नवऱ्याने जुनी पांढरी गाडी घेतली होती. आधीच्या मालकाने तिला हौसेने फायबरचा मोठा बंपर बसवलेला. उलव्याच्या अर्धवट रस्त्यांवर नवऱ्याने मला शिकवलं, लायसन आलं, मी दोन नव्या साड्यांना फॉल लावून घेतला. आणि शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात गाडी बाहेर काढताना खांब मध्ये आला. बंपर एका टोकापासून मध्यापर्यंत उकलला.

नवरा म्हणाला, कळंबोलीत गॅरेजला नेऊन टाकतो, दोन दिवसांत करून देतील. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि माळ्यावरून रेझिनचा डबा आणि फायबरची मॅट घेऊन आले. होडीला लावतात तीच, पांढऱ्या गोधडीच्या अस्तरासारखी. त्यांची होडी आदल्या वर्षीच विकली होती. खाडीत भराव पडल्यावर तिला काम उरलं नव्हतं. पण सामान उरलं होतं, आणि पावसाळ्यात होडी दुरुस्त करायची हातांची सवयही.

बंपर सोडवून ओटीवर, बरोबर दारात आडवा ठेवला गेला. आत-बाहेर करायचं तर त्याला ओलांडून. बाकीचे सहज ओलांडत. मी प्रत्येक वेळी साडी वर धरून, मनातल्या मनात त्याला दोन शिव्या हासडून ओलांडे. मी सासूला म्हटलं, बंपर नसला तरी गाडी चालते, तशीच नेते. तो निरोप आत गेला आणि उत्तर आलं, की फुटल्या तोंडाची गाडी दाराबाहेर जायची नाही. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. माझं बोलणं सासूमार्फत जाई, त्यांचं सासूमार्फत येई, आणि वाटेत त्याचं काय होई ते देवाला माहीत.

पावसाळी हवेत रेझिन धड सुकत नाही. चिकटच राही. सासरे बोट लावून बघत, मान हलवत, थर खरवडून पुन्हा लावत. वासाने डोकं उठे. मॅटची बारीक कुसळं हाताला, मानेला, उशीला लागून सगळे खाजवत बसत. त्यात थर बाहेरून. नवरा एकदा हळूच म्हणाला, की गाडीला आतून लावतात, म्हणजे बाहेर दिसत नाही.

सासऱ्यांनी ब्रश थांबवला. "पानी बाहेरून येतं का आतून?"

चाळीस वर्षं होडी राखलेल्या माणसाला बंपर हे काही पाण्यात बुडणारं प्रकरण नाही, हे कोण सांगणार?

शाळा सुरू झाली. मी फोन करून आठ दिवस मागितले, ते मिळाले, संपले. सासूला सांगितलं, की आता शाळा थांबणार नाही. संध्याकाळी उत्तर आलं. डागडुजी केलेली होडी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय बाहेर काढत नाहीत, गाडीही तशीच निघेल. आणि शाळा काय पळून जाते का?

त्या रात्री मी नवऱ्याशी भांडले. माहेरी जाऊन राहते म्हटलं. तो म्हणाला, खुशाल जा, पण गावात काय म्हणतील ते तुला माहीत आहे. माहीत होतं. म्हणून तर गेले नाही, आणि न गेल्याचा राग सगळ्यांत जास्त माझ्यावरच आला. पुढच्याच आठवड्यात शाळेचा फोन आला. मुख्याध्यापिकाबाईंनी फार गोड शब्दांत सांगितलं, की चौथीला दुसरी शिक्षिका घेतली. मी ओटीवर आले तर सासरे पॉलिश पेपर घासत होते, अगदी तल्लीन. नवरा म्हणाला, बाबांना इतक्यात सांगू नकोस, फार मनापासून करतायत. सासूही तेच म्हणाली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. मी बंपर ओलांडून आत गेले आणि भाकऱ्या थापल्या.

नारळी पौर्णिमेला बंपर गाडीला चढला. गालगुंड आल्यासारखा एका बाजूने सुजलेला, आणि त्यावर होडीचा उरलेला निळा रंग, वर पिवळी रेघ. सासऱ्यांनी हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. मग धुतलेला सदरा घालून पुढच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले.

"चल पोरी. तुजी शाला दाखव."

मी आरशात पाहिलं. मागे सासू मांडीवरच्या पिशवीकडे बघत होती, नवरा खिडकीबाहेर. मी गाडी काढली. खांब नीट चुकवला. रस्ताभर सासरे सांगत होते, दर्या कुठं जात नाही, माणसाने वेळेवर निघावं. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. ते मुद्दाम अडवतायत असं मी पावसाळाभर धरून बसले होते. त्या रागाचा मला आधार होता, तोही गेला.

सणाची सुट्टी, शाळेचं फाटक बंद. वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. सासरे उतरले, खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि निळ्या बंपरवर हात टेकून म्हणाले, "आमची सून हाय. हितं मास्तरीन हाय."

वॉचमनने वाकून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. "कुठल्या वर्गाला, मॅडम?"

सासरेही वळून बघत होते. त्यांनाही ते कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"चौथीला," मी म्हटलं, आणि गाडी वळवायला मागे घेतली.